त्या उन्हाळ्यातली हिरवळ

पोळा होऊन दोन दिवस झाले आणि आमच्या घाटावर अजून पाऊस नाही. जूनमध्ये दोन चांगल्या सरी आल्या, सोयाबीन उगवलं, आणि मग आभाळानं पाठ फिरवली ती फिरवलीच. सकाळी फिरायला निघतो तेव्हा वारा सुटलेला असतो, नुसता कोरडा. शेजारचे गृहस्थ मोबाइलवर ढगांचा नकाशा दाखवतात. "पोळ्याला चुकला, आता गणपतीत येईल बघा," म्हणतात. मी हो म्हणतो आणि पुढे होतो.

आमच्या कॉलनीत एका निवृत्त इंजिनिअरच्या बंगल्यापुढे हिरवळीचा तुकडा आहे. तीन खाटा मावतील एवढाच. त्यावर फिरतं कारंजं सोडून ते पेपर वाचत बसतात. माणूस चांगला आहे. पण पाऊस ओढ देतो त्या वर्षी मी त्यांच्या गल्लीतून जात नाही. मागून, उकिरड्याच्या बाजूनं जातो. एकदा त्यांनी विचारलंही, "वानखडे, आमचं काही चुकलं का?" त्यांचं काय चुकणार? अशा वर्षी भिजणारं गवत मला बघवत नाही, एवढंच आहे. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी.

मी गोल्फच्या मैदानाचा सुपरवायझर होतो. हे सांगितलं की लोक हसतात. घाटावर गोल्फ? होतं. इंग्रज अंमलदारांना इथली थंड हवा मानवायची, त्यांनी गावाबाहेरच्या मुरमाड माळावर नऊ खड्ड्यांचं मैदान आखलं. ते गेले, क्लब राहिला. डॉक्टर, वकील, अधिकारी, घाटाखालून मोटारीतून येणारे दोन-तीन जिनिंगवाले, एवढेच खेळणारे. राज्य नवं होतं, खुर्च्यांवरची माणसं नवी होती, खेळ तेवढा जुना. मी संग्रामपूरकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा. शेतकी शाळेची पदविका घेतलेली, वय चोवीस. एक ट्रंक घेऊन एसटीतून उतरलो तेव्हा गोल्फचा चेंडू मी पाहिलेलाही नव्हता. तो माझ्या हातात पहिल्यांदा ठेवला युसूफचाचांनी.

"अंडं समजू नका, बाबू," ते म्हणाले. "लय कडक हाये."

युसूफचाचा म्हणजे क्लबचे माळी. साठीला आलेले, काटक, दाढी मेंदीनं लाल. गोऱ्या साहेबांच्या हाताखाली त्यांनी हे मैदान राखलेलं होतं. त्या वेळी खड्ड्याभोवती गवत नसायचंच. चाळलेल्या नदीच्या वाळूत मोटारीचं जळकं ऑइल मुरवून त्याचं गोल अंगण केलेलं असायचं. ऑइलमुळे वाळू वाऱ्यानं उडत नाही, पावसानं वाहत नाही, आणि चेंडू त्यावरून सरळ घरंगळत खड्ड्याकडे जातो. साहेब लोक त्याला ब्राऊन म्हणत. युसूफचाचा म्हणत बिरान. "बिरानाचं काही मांगनं नाही, बाबू. रोज एक डाव झाडू मारा, बस. पानी नाही, खत नाही, काही नाही."

त्यांच्याबरोबर मी त्या माळावरचे ऋतू शिकलो. श्रावणात तरोटा गुडघ्याएवढा व्हायचा आणि बाया ओळीनं बसून तो उपटत पुढे सरकायच्या. त्यांच्या मागे ओली, तांबूस भुई उघडी पडायची. दसऱ्यानंतर कुसळी गवत पिकायचं, पायजम्यात कुसळं घुसायची, संध्याकाळी दिव्याजवळ बसून ती एकेक काढायची. थंडीत सकाळी वाळूवर रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, खूर उमटलेले दिसायचे. युसूफचाचा लाकडी फळीनं ते पुसत आणि रोह्यांना हळूच शिव्या देत, घरच्या माणसाला द्याव्यात तशा. एका माघात लिंबाएवढ्या गारा पडल्या. नऊच्या नऊ ब्राऊनला देवी आल्यासारखे वण पडले. आठ दिवस आम्ही रोलर ओढत होतो. उन्हाळ्यात दुपारच्या वावटळी माळावरून नाचत यायच्या, धूळ, पाचोळा, कुणाची तरी टोपी घेऊन. ऑइलच्या वाळूवर आल्या की तिथं त्यांच्या हाती काही लागायचं नाही.

ते मैदान सुंदर नव्हतं. पण ते त्या भुईला परवडणारं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा उपयोग नव्हता.

मग क्लबला नवे सेक्रेटरी आले. फौजेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मेजरसाहेब म्हणत. पहिल्याच फेरीत त्यांनी पांढऱ्या बुटाला लागलेलं ऑइल रुमालानं पुसलं आणि मला विचारलं, "हे मैदान आहे की गॅरेज? खड्ड्याभोवती गवत पाहिजे, मखमलीसारखं. वानखडे, तुम्ही शेतकी शिकलात ना?"

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात गेलं. शिकलो होतो ना! माझ्या शिक्षणाबद्दल तोवर कुणी मला काही विचारलंच नव्हतं. मी त्याच रात्री कागदावर नऊ वर्तुळं काढली.

युसूफचाचांनी कागद पाहिला. "गवत येईन," ते म्हणाले. "तुमी आनसान. पन विहिरीले इचारलं का?"

"विहीर कधी आटलीय का, चाचा?"

"आजलोक नाही आटली. तिले कोनी एवढं मांगलंच नाही ना."

क्लबची विहीर काळ्या दगडात खोल बांधलेली होती, आत उतरायला पायऱ्या, वर ऑइल इंजिन. मी हसलो. म्हातारं माणूस, जुन्या कामाची सवय, असं मनाशी म्हणालो.

त्या साली पाऊस छान झाला. नळगंगेच्या काठावरून आम्ही पोत्यांनी हराळी आणली. ऑइलची वाळू खरवडून फेकली, गाळाची माती भरली आणि हराळीच्या कांड्या बोट-बोट अंतरावर लावायला सुरुवात केली. लावणाऱ्या बायांत गयाबाई पुढे. मैदानाच्या खालच्या अंगाला तीस घरांची वस्ती होती, तिथली ती. नवरा वारलेला, मुलगा ट्रकवर क्लीनर, घरात सून शेवंता आणि दोन नातवंडं. हात असा चालायचा की बाकीच्या बाया एक ओळ संपवेपर्यंत हिची दुसरी अर्धी व्हायची. कांडी खोचता खोचता ती हसत सुटली.

"बाप्पा! जलमभर हराळी उपटाची रोजी भेटली, आता लावाची भेटून राह्यली! सायेब, पढेल मानसाचं काही सांगता येत नाही."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसलो.

दिवाळीपर्यंत नऊ हिरवी वर्तुळं, साहेब लोकांच्या भाषेत ग्रीन, त्या तांबड्या माळावर उठून दिसायला लागली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चपला काढून त्यांवर चालायचो. तळपायाला थंडगार, मऊ. माझ्या बापाच्या वावरात मी असा कधी चाललो नव्हतो; तिथं पायाखाली ढेकळं आणि पऱ्हाटीची धसकटं. मला वाटायचं, आपण काहीतरी केलं.

पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला. त्याच्या पुढच्या वर्षी झालाच नाही. बहात्तरचा तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना त्याचं वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. मला आठवतं ते आभाळ. निळं, स्वच्छ, रोज तेच. भाद्रपदात इतकं सुंदर आभाळ असू नये. तरोटासुद्धा उगवला नाही. रोही दिवसाढवळ्या वस्तीपर्यंत यायला लागले. झाडाखाली सावलीत उभे राहायचे, माणूस जवळ गेलं तरी हलायचे नाहीत. सगळा माळ करपून करडा झालेला, आणि त्यात माझी नऊ वर्तुळं हिरवीगार. रबरी नळीनं मी ती दिवसातून एकदा भिजवत होतो.

वस्तीची विहीर दिवाळीलाच आटली. पलीकडच्या गावच्या विहिरीवर या बायांना हात लावू देत नसत. बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. म्हणून त्या क्लबच्या विहिरीवर यायच्या. कामाला येताना गुंड, म्हणजे घागर, आणायचा, जाताना भरून न्यायचा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं. पौषापर्यंत विहिरीच्या खालच्या पायऱ्या, ज्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, त्या उघड्या पडल्या.

मेजरसाहेबांनी होळीच्या आधी स्पर्धा ठरवली होती. नागपूर-अमरावतीचे खेळाडू, मोठे पाहुणे. त्यांनी विहिरीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "कुंपण घाला. कुलूप लावा. स्पर्धेपर्यंत पाणी फक्त ग्रीनला."

"साहेब, खालच्या वस्तीतल्या बाया..."

"त्यांची सोय सरकार करेल. तुम्ही ग्रीन बघा. जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघतो."

मी काटेरी तार आणली, लाकडी फाटक केलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. नोकरी जाईल म्हणून केलं, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आलो, बायकोला, मित्रांना, स्वतःला. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की ती नऊ वर्तुळं मी लावली होती आणि मला ती मरू द्यायची नव्हती. मेजरसाहेबांना गवत पाहिजे होतं. मला ते गवत आवडत होतं. कुणाचा गुन्हा मोठा, हे मी ठरवू शकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गयाबाई फाटकाशी उभी. डोक्यावर चुंबळ, काखेत गुंड.

"सायेब, लेकरं हायेत घरी. दोन गुंड घेऊ द्या."

"होळीपर्यंत थांब, गयाबाई. स्पर्धा झाली की कुलूप काढतो."

"तहान थांबते का, सायेब, होळीलोक?"

तिनं गुंड तारेजवळ ठेवला आणि कामाला लागली. काम तिला सोडता येत नव्हतं. त्या साली दुसरं काम कुठं होतं?

पुढचं सांगायला जड जातं, पण हा लेख मी त्याच्यासाठीच लिहायला घेतलाय. बाया ओल्या गवतात बसून तण वेचायच्या. एक दिवस मी झाडाआडून पाहिलं. गयाबाईनं पदराचं टोक गवतावर दाबून धरलं, ओलं झालं तसं उचललं आणि ओठांवरून फिरवलं. मग पुन्हा दाबलं, आणि ते ओलं टोक मुठीत धरून बसली. शेजारच्या बाईनंही तेच केलं. मी माघारी फिरलो.

आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी द्यायची वेळ बदलली. बाया घरी गेल्यावर, दिवस कलल्यावर नळी सोडायची. दुपारी दिलेलं पाणी वाफ होऊन जातं, हे आमच्या पुस्तकात होतंच. शास्त्राप्रमाणे मी बरोबर होतो.

त्याच आठवड्यात युसूफचाचा माझ्यासमोर येऊन उभे राहिले. हातात झाडू आणि ती लाकडी फळी.

"बाबू, कुलपाची चाबी देता का?"

"नाही देता येत, चाचा. तुम्हाला माहीत आहे."

"मंग हे घ्या." झाडू आणि फळी त्यांनी माझ्या पायाजवळ ठेवली. "गोऱ्या सायबानं मले शिव्या देल्ल्या. एक डाव लाथ बी मारली. पन विहिरीले कुलूप नाही लावलं त्यानं."

मी त्यांना थांबा म्हणालो नाही. ते खालच्या वाटेनं गेले आणि चार दिवसांनी दुष्काळी कामावर खडी फोडायला लागले, त्या वयात.

बाया आता पाण्याला दरीतल्या झऱ्याकडे जात होत्या. तिथं घाटाच्या कड्याखाली झऱ्यावर बांधलेली एक जुनी बारव आहे, तिच्या पायऱ्या अर्ध्याअधिक निखळलेल्या. जायला-यायला अर्धा दिवस. गयाबाई कामावर, म्हणून पाण्याला शेवंता जायची. स्पर्धेला चार दिवस होते. मी पाचव्या ग्रीनची कड विळ्यानं कापत होतो. खालून माणसांचा आवाज आला. चौघांनी बाज खांद्यावर घेतलेली, बाजेवर शेवंता. बारवेत पाय निसटला आणि ती भरलेल्या गुंडासकट खाली गेली होती. गावात जायची वाट मैदानातूनच होती. गयाबाई बाजेच्या बाजूनं चालत होती, एक हात सुनेच्या कपाळावर. माझ्यापासून दहा पावलांवरून ते गेले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी विळा घेऊन उभा होतो. माझ्या पायाखालचं गवत ओलं होतं.

कमरेचं हाड मोडलं होतं. पुढे जुळलं, पण पाय आखूड राहिला.

स्पर्धा उत्तम झाली. कापडी मांडव, बर्फ घातलेलं सरबत, बायकांच्या रंगीत छत्र्या. नागपूरचे एक पाहुणे नवव्या ग्रीनवर वाकले, तळहातानं गवत कुरवाळलं आणि म्हणाले, "हे असं तर आमच्याकडेही नाही. कुणी केलं?" मेजरसाहेबांनी मला हाक मारली. पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी झाला.

सोमवारी मी कुलूप काढलं. शब्द दिला होता तसं काढलं. बाया गुंड घेऊन आल्या, पायऱ्या उतरून तळापर्यंत गेल्या आणि तशाच रिकाम्या वर आल्या. विहिरीत टाचेएवढा हिरवा चिखल उरला होता. एकीनं जाताना फाटक नीट लावून घेतलं, सवयीनं.

गवत पंधरा दिवसांत गेलं. आधी टोकं पिवळी, मग सगळं गव्हाच्या काडासारखं. मग वावटळी आल्या आणि गाळाची माती मुळांसकट घेऊन गेल्या. चैत्रात तिथं नऊ फिकट डाग राहिले होते. मेजरसाहेब म्हणाले, "जाऊ द्या, पुन्हा ब्राऊन करा. त्या म्हाताऱ्याला बोलवा." मी खडीच्या कामावर गेलो. युसूफचाचा हाताला चिंध्या बांधून दगडांच्या ढिगापुढे बसले होते. मला पाहून हातोडा थांबवला, निरोप ऐकला.

"नाही बाबू," म्हणाले. "अठी बरं हाये. अठी टँकर येते, सगळ्यायले पानी भेटते." आणि पुढचा दगड ओढला.

मी वर्षभरात ती नोकरी सोडली, देऊळगाव राजाकडे दुसरी धरली, पुढे बढत्या घेतल्या, निवृत्त होऊन पुन्हा इथंच घर बांधलं. त्या माळावर आता प्लॉट पडलेत. विहीर कुणीतरी बुजवली. तिथं गोल्फ होतं हे माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत, आणि त्यांना खेळ आठवतो. गवत किती छान होतं, हेसुद्धा एकानं मला मध्यंतरी सांगितलं.

त्या चैत्रात मी एकदा वस्तीत गेलो होतो. भर दुपारी. जायचं म्हणून आठ दिवस ठरवत होतो. मनात वाक्यं जुळवलेली होती. गयाबाई घरीच होती; क्लबचं काम संपलं होतं. तिनं लगबगीनं पोतं झटकून अंथरलं. "बसा सायेब, बसा. एवढ्या उन्हाचं काऊन आले?" शेवंता बाजेवर भिंतीकडे पाठ टेकून होती. पाय फळीला बांधलेला. कोपऱ्यात एकच गुंड, त्यावर ओलं फडकं. सून अंथरुणाला खिळल्यापासून तो गुंड गयाबाई स्वतः त्या बारवेतून भरून आणत होती, हे मला माहीत होतं.

तिनं पेला विसळला नाही, पदरानं पुसला. गुंडातून भरला आणि माझ्यापुढे धरला.

"नको," मी म्हणालो.

"घ्या ना."

"नको, गयाबाई. खरंच नको."

तिचा हात तसाच राहिला. चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण राग आला नाही. हे तिला नवीन नव्हतं.

"आमच्या घरचं चालत नाही का, सायेब?"

"तसं नाही. तसं नाही, गयाबाई." मला पुढचं एकही वाक्य आठवेना. काय सांगणार होतो मी? की तुझ्या घरचं पाणी मी दोन महिने गवताला घातलं, आणि आता माझ्या तोंडात ते जाणार नाही? मी पेला घेतला. पाणी गार होतं, पाचोळ्याचा वास येणारं. ती बघत होती म्हणून मी पूर्ण प्यायलो, थेंब न ठेवता. बाजेवरून शेवंता माझ्या गळ्याकडे बघत होती. पेला मी खाली ठेवला.

गयाबाईचा चेहरा उजळला.

"अजून देऊ?" तिनं विचारलं, आणि गुंडावरचं फडकं बाजूला केलं.